तीस वर्षं दुसऱ्या खुर्चीवर

पुतण्याने आयटीतली नोकरी सोडली आणि पुण्यातल्या एका कॉलेजच्या बास्केटबॉल संघाचा सहायक प्रशिक्षक व्हायचं ठरवलं. घरच्या ग्रुपवर रण पेटलं. दादाने, म्हणजे त्याच्या बापानेच लिहिलं, "किती दिवस दुसऱ्याच्या हाताखाली राहणार? चेंडू गोळा करायला शिकवलं का तुला?" खाली अकरा अंगठे. मला दादापेक्षा ते अंगठे झोंबले.

मी अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलिना राज्यातल्या केरीत राहतो. नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाचं गाव चॅपल हिल इथून अर्ध्या तासावर. तिथे विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाचे प्रशिक्षक बिल गथ्रिज यांच्याबद्दल कुणी असं बोलून दाखवावं! गथ्रिज मूळचे कॅन्ससचे. प्रशिक्षक टेक्स विंटरच्या हाताखाली कॅन्सस स्टेट विद्यापीठाकडून खेळले, 1958 मध्ये तो संघ फायनल फोरला, म्हणजे राष्ट्रीय कॉलेज स्पर्धेच्या शेवटच्या चार संघांत गेला. पुढे तिथेच विंटरचे सहायक झाले. 1967 मध्ये मुख्य प्रशिक्षक डीन स्मिथ यांचे सहायक म्हणून नॉर्थ कॅरोलिनात आले आणि पुढची तीस वर्षं त्याच खुर्चीवर बसले. 1976 चं अमेरिकेचं ऑलिंपिक सुवर्ण, 1982 आणि 1993 ची राष्ट्रीय विजेतेपदं, सगळं शेजारच्या खुर्चीवरून. 1978 मध्ये पेन स्टेट विद्यापीठाने मुख्य प्रशिक्षकपद दिलं होतं. हे निघालेही, पण वाटेत विमानतळावर विचार बदलला आणि परत आले.

साठाव्या वर्षी, 1997 मध्ये, स्मिथ निवृत्त झाले तेव्हा संघ यांच्या हाती आला. पहिल्याच मोसमात 34 विजय, 4 पराभव. सुरुवातीच्या पाचांत बसतील असे सहा जण होते, तर त्यांना आळीपाळीने बाहेर बसवलं. पुढे एनबीए या व्यावसायिक लीगमध्ये गाजलेल्या व्हिन्स कार्टरलासुद्धा! (बाकावर बसणं म्हणजे काय, हे यांना कुणी सांगायला नको होतं.) तीन मोसमांत दोनदा फायनल फोर, मग शांतपणे निवृत्ती.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. पेन स्टेटचा किस्सा दोनदा. शेवटी ठोकून दिलं, "आमच्याकडे हाताखालचा, वरचा असं कुणी बघत नाही."

हे अर्थातच खरं नाही. आमच्याकडे मुख्य प्रशिक्षकाच्या पगाराची बातमी होते, आणि त्याला काढलं की बहुतेक वेळा सहायकांचंही बिऱ्हाड हलतं. ते मी लिहिलं नाही.

दादाचं उत्तर आलं, "तुमच्याकडे म्हणजे नक्की कुठे?"

वीस वर्षांपूर्वी मलाही पुण्यातून नोकरी आली होती. मी विमानतळापर्यंतसुद्धा गेलो नाही. आईची शेवटची आठ वर्षं दादाने काढली. गोळ्यांचे डबे, रात्रीची जागरणं, फिजिओच्या वेळा. आणि आल्यागेल्याला आई कौतुक सांगायची ते दर रविवारी व्हिडिओ कॉल करणाऱ्या माझं. दुसऱ्या खुर्चीवर बसणं काय असतं ते आमच्या घरात एकट्या दादाला ठाऊक आहे, आणि त्यालाच मी गथ्रिज समजावून सांगत होतो.

तरी त्याचं म्हणणं मला पटत नाहीच. तसं लिहायला घेतलं, तेवढ्यात पुतण्याचा मेसेज आला, "काका, सकाळी सहाला सराव आहे. झोपतो."

इथे दुपारचा एक वाजला होता. डबा तसाच उघडा पडला होता, आणि मी दादाला काय लिहावं ते खोडत बसलो होतो.