काका उतरतात, मी चढतो

"आपण इच्छित स्थळी पोहोचला आहात," असं फोनमधल्या बाईंनी सांगितलं, तेव्हा इच्छित स्थळ माझ्या डोक्यावर होतं. अगदी शब्दशः. मान मागे टाकली की मित्राच्या गॅलरीतले टॉवेल दिसत होते. नकाशाला उंचीशी काही देणंघेणं नसतं. टॅक्सीवाल्याने "लोकेशन इथलंच दाखवतंय साहेब" म्हणत चाकांची बॅग खाली ठेवली आणि तो गेला. समोर पायऱ्या. पायऱ्यांवर चाकं काय कामाची?

तिसऱ्या वळणावर कठड्याला टेकलो. तिथे एक काका उभे होते. पांढरे बूट, कानटोपी, हातात काठी. काठी टेकायला नव्हे, लोकांना दिशा दाखवायला.

"थांबलात?"

"जरा दम खातो."

"दम खायचा नसतो. पाय जड होतात. तोंड मिटा, नाकाने श्वास घ्या."

तोंड मिटलं. डोळ्यांपुढे काजवे चमकले.

"बॅग डाव्या हातात. डाव्या! आणि वर बघू नका, धीर सुटतो. मी रोज असतो इथे. चौऱ्याहत्तर पूर्ण."

मी ओशाळलो. "रोज चढता?"

"छे! चढतोय कशाला? मुलगा गाडीने वर सोडतो. मी फक्त उतरतो."

"गाडीने? वर?"

"मागून रस्ता आहे की चांगला. तुम्हाला सांगितलं नाही कुणी?"

यावर मी जे बोललो नाही, ते अजून घशात आहे. वर काका म्हणाले, उतरणंच खरं कठीण, गुडघ्यांवर भार येतो. संताप याचा की ते खरं आहे. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच ब्रेकचं काम करतात, म्हणून दुसऱ्या दिवशी ठणकतात.

उतरायचंच तर मडेरा बेटावरच्या फुंशालसारखं उतरावं. तिथे वेताच्या घसरगाडीत बसायचं, मागे गवती टोप्या घातलेले दोघे, आणि ब्रेक म्हणजे त्यांच्या बुटांचे तळवे! साधारण दोन किलोमीटर. चढासाठी नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइमने 1993 साली सायकलवाल्यांसाठी लिफ्ट बसवली. एक पाय तिच्या पाटीवर टेकवायचा, ती मागून ढकलते. मला एवढंच हवं होतं, मागून एक धक्का. मिळाला तो सल्ला.

हाँगकाँगला त्याच वर्षी आठशे मीटरचे सरकते जिने आले. सकाळी दहापर्यंत खाली, मग दिवसभर वर. तेही सोडा, श्रीमंत शहर. पण कोलंबियातल्या मेडेलिनने 2011 साली डोंगरउतारावरच्या गरीब वस्तीत सरकते जिने बसवलेच ना? आमच्याकडे पायथ्याशी एक बाक आहे. त्यावर उद्घाटकांचं नाव एवढं मोठं, की बसलं तरच झाकतं. कठडा तिसऱ्या वळणाला संपतो. पुढे म्हाताऱ्या माणसांनी औषधं घेऊन भिंतीला धरत जायचं. मी एकदाच चिडलो, ती माणसं रोज चढतात. त्यांच्यासाठी मागच्या रस्त्याने कुणाचा मुलगा येत नाही.

असो. मला आवडते ती स्वित्झर्लंडमधल्या फ्रीबूरची गाडी. 1899 पासून ती गावाच्या सांडपाण्यावर चालते. एकाच दोराच्या दोन टोकांना दोन डबे. वरच्याच्या टाकीत सांडपाणी भरायचं, तो जड होऊन उतरतो आणि खालच्याला वर ओढतो. खाली पोहोचला की टाकी रिकामी. इंजिन नाही, काही नाही.

आणि इथे समोर काका! रोज फुकट उतरतात, सगळं वजन वाया. मी म्हटलं, "काका, वर कप्पी बसवू. एका टोकाला तुम्ही, दुसऱ्याला मी. तुम्ही उतराल तसा मी आपोआप चढेन."

वाटलं, रागावतील. त्यांनी मला बॅगेसकट वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"तुमचं वजन जास्त भरेल. मीच वर जाईन परत."

"बॅग खाली ठेवतो."

"बॅगेबद्दल नाही म्हणत मी," काका म्हणाले. मग काठी कठड्यावर आपटत जरा विचार केला. "तरी करू. पण आधीच सांगतो, वाटेत ओळखीचं कुणी भेटलं तर मी बोलत थांबणार. तेवढा वेळ तुम्ही लटकायचं. आणि तोंड मिटून."