टोनी आयोमीची बोटं

तुमच्या लेखात ब्लॅक सबाथ या ब्रिटिश हेवी मेटल बँडचा गिटारवादक टोनी आयोमी याच्या अपघाताला एकच ओळ दिलीत, पण खरी गोष्ट तिथेच आहे! बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात, कामाच्या शेवटच्या दिवशी, १७ वर्षांच्या या डावखुऱ्या मुलाच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं यंत्रात तुटली. तारा दाबायची तीच बोटं. कारखान्यातल्या वरिष्ठाने त्याला जॅझ गिटारवादक जँगो राइनहार्टची रेकॉर्ड ऐकवली. राइनहार्टही दोन बोटांवरच सुरावटी काढायचा. मग या पठ्ठ्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, वर चामडं चिकटवलं. तारा बॅन्जोच्या, हलक्या. १९७१ पर्यंत गिटार दीड स्वर खाली उतरवली, म्हणजे तारा सैल, दाबायला सोप्या. ब्लॅक सबाथच्या त्या जडशीळ आवाजात या खटपटीचा मोठा वाटा आहे. यावर स्वतंत्र लेख येऊ द्या.