‘ब्रँड न्यू’मध्ये ना ब्रँड, ना कोंडा

‘ब्रँड न्यू’चं मूळ सांगणारा एक मेसेज सध्या ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. म्हणे हा शब्द कंपन्यांच्या ब्रँडवरून आला. किंवा अमेरिकेत गुरांना डागण्या देतात त्यावरून. किंवा मूळ शब्दच ‘ब्रॅन न्यू’, कारण नवी काचेची भांडी ब्रॅनमध्ये, म्हणजे कोंड्यात, भरून यायची. एका शब्दाला तीन बाप म्हटल्यावरच संशय यायला हवा होता.

कंपनीचं लगेच निकालात निघतं. जॉन फॉक्स या धर्मोपदेशकाच्या १५७० च्या प्रवचनात हा शब्द आहे; ‘ब्रँड’ला मालाची छाप हा अर्थ चिकटला एकोणिसाव्या शतकात. गुरांचंही तेच. अमेरिकेतली इंग्रजांची पहिली टिकलेली वसाहत, जेम्सटाउन, १६०७ ची. शब्द आधी, गोठा नंतर.

कोंड्याची गोष्ट मात्र गोड आहे, आणि ‘ब्रॅन न्यू’ असं लिहिलेलं खरंच सापडतं. पण ती जिभेची करामत. दोन व्यंजनांत अडकलेला ‘ड’ इंग्रजी बोलताना गळतोच. ‘हँडकर्चीफ’मधला ‘ड’ कोण उच्चारतं? उलट स्कॉटलंडचा कवी रॉबर्ट बर्न्स १७९० च्या ‘टॅम ओ’ शँटर’मध्ये फ्रान्सहून आलेल्या नव्या नाचाला ‘ब्रेंट न्यू’ म्हणतो. नाच काही कोंड्यात भरून आणत नाहीत.

जुन्या इंग्रजीत ‘ब्रँड’ म्हणजे आग, जळतं लाकूड, कोलीत. लोहाराने भट्टीतून ओढून ऐरणीवर ठेवलेला तुकडा डोळ्यांपुढे आणा: लालबुंद, ठिणग्या उडवणारा, अजून कुणाचा हात न लागलेला. (लागेल कसा!) तो ‘ब्रँड न्यू’. शेक्सपिअर ‘फायर न्यू’ म्हणतो. ‘ट्वेल्फ्थ नाइट’मधले विनोदसुद्धा टांकसाळीतून तसे गरमागरम निघतात. फ्रेंच माणूस नव्या गाडीला ‘फ्लांबाँ नफ’ म्हणतो, म्हणजे धगधगती नवी.

आपलं नवेपण आगीतून नाही, कापडातून आलं. कोरं म्हणजे पाणी न लागलेलं, खळ न गेलेली, घडी न मोडलेली. बाइकला ना खळ ना घडी, तरी ती शोरूममधून कोरी करकरीतच निघते. आता मेसेजवाल्यांनी या ‘कोरा’चं मूळ त्या प्रश्नोत्तरांच्या वेबसाइटमध्ये शोधलं नाही म्हणजे मिळवली.