फी कशाची, हे विचारणाऱ्या ताईंना

ताई, तुमची प्रतिक्रिया रविवारी सकाळी पोहे खाताना वाचली. पोहे गार झाले.

ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: 2020च्या लॉकडाउनमध्ये पाळणाघरं बंद असली तरी पालकांनी पूर्ण फी द्यायला हवी होती, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर ताई म्हणतात, मूल चोवीस तास घरात, यजमानांचा पगार अर्ध्यावर, मग फी कशाची? बँकेतल्या चालू पगारावर बसून उपदेश करणं सोपं आहे. आणि हे काम सरकारचं, आईबापांचं नव्हे.

पगाराचं आधी बोलते, कारण ते लागलं. आमची शाखा लॉकडाउनमध्येही उघडी होती, पगार एक दिवस थांबला नाही. एप्रिलची फी मी दिली. मेची दिली नाही. पाळणाघरवाल्या काकूंनी मागितली नाही आणि मी विषय काढला नाही, इतकं साधं. मूळ लेखात हे मी शिताफीनं गाळलं होतं.

'पूर्ण फी' हेही मागे घेते. अर्धी म्हणायला हवं होतं, आणि तेही ज्यांना झेपेल त्यांनी. अर्धी का, ते सांगते.

आमच्या काकूंचं झूलाघर (बोर्डावर हेच होतं, आपण मराठी लोक पाळणाघर म्हणायचो) इंदुरात रामबागेत तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत होतं. मुलं 14, फी 2,500, म्हणजे महिन्याला 35,000. त्यातून भाडं 12,000, दोन मावश्यांचे मिळून 12,000, दूध-फळं-गॅस-वीज 4,000. काकूंच्या हातात 7,000. हा हिशेब त्यांनीच नंतर माझ्याकडे बसून मांडला. बँकवाली म्हणून मला कर्जाचं विचारायला आल्या होत्या.

आता मुलं शून्य धरा. दूध-गॅस वाचला, पण घरमालक भाडं सोडेना आणि मावश्यांना निदान अर्धा पगार तरी द्यायचाच होता. झाले 18,000. आम्ही चौदा घरांनी अर्धी फी दिली असती तर 17,500 जमले असते. काकूंना स्वतःला काही उरलं नसतं, पण खोल्या राहिल्या असत्या. तुम्ही विचारता फी कशाची. त्या खोल्यांची, आणि माझ्या मुलाला कुठल्या कुशीवर झोप लागते हे ठाऊक असलेल्या मावशीची.

सेवा अजिबात नव्हती असंही नाही. इंदुरात किराणा-भाजीसुद्धा बंद होती ते दिवस आठवा. रोज चार वाजता काकूंचा व्हॉट्सअॅपवर आवाज यायचा, 'दूध प्यायलं का रे सोन्या?' माझा मुलगा फोनला पेला दाखवायचा. ऑगस्टमध्ये त्यांनी खोल्या सोडल्या आणि ज्याची त्याची वाटी घरोघर पोचवली, तळाला नेलपॉलिशनं नाव लिहिलेली. आमची अजून आहे, त्यात आता मोहरी असते.

सरकारचं म्हणाल, तर तिथे मी तुमच्याच बाजूची आहे. ऑस्ट्रेलियात 6 एप्रिल ते 12 जुलै 2020 पालकांना बालसंगोपन फुकट होतं आणि केंद्रांना त्यांच्या आधीच्या फीच्या निम्म्याच्या आसपास रक्कम सरकार देत होतं. म्हणजे मी वर काढला तोच अर्धा, फक्त तिजोरीतून. अमेरिकेनं मार्च 2021च्या कायद्यात बालसंगोपन केंद्रं तगावीत म्हणून 2,400 कोटी डॉलर काढले. भाडं आणि पगार त्यातून भागवता येत होते.

आपल्याकडे राष्ट्रीय पाळणाघर योजना होती, पण तीत सेविकेला मानधन 3,000 आणि मदतनिसाला 1,500, आणि तेही योजनेतल्या केंद्रांनाच. जून 2020 मध्ये फेरीवाल्यांसाठी 10,000 रुपयांच्या कर्जाची स्वनिधी योजना आली. कोपऱ्यावरच्या पोहेवाल्याचा फॉर्म आमच्याच शाखेत भरला गेला, चांगलंच झालं. काकू मात्र ना फेरीवाल्या, ना योजनेतल्या. त्यांना कुठल्या खिडकीवर पाठवायचं हे मलाही सांगता आलं नाही, आणि मी खिडकीच्या आतल्या बाजूला बसते!

'मोठ्या कंपन्यांना कायद्यानं पाळणाघर ठेवावं लागतं, ते वापरा,' असंही तुम्ही लिहिलंत. प्रसूती लाभ कायद्यातल्या 2017च्या सुधारणेनं ते बंधन आलं, पण 50 किंवा जास्त माणसांच्या आस्थापनांवरच. काकूंकडच्या मुलांच्या आयांपैकी एक सीतलामाता बाजारात साडीच्या दुकानात, एक दातांच्या दवाखान्यात, एक दुकानात शिवणकाम करणारी. त्यांनी कुठलं वापरायचं?

ऑफिसं पूर्ववत झाल्यावर या तिघींची खरी पंचाईत झाली. रिंग रोडवर एसी पाळणाघर होतं, फी 6,500. शिवणकामवालीनं दुकान सोडलं, घरीच मशीन घेतलं. माझं सासूबाईंवर भागलं. त्यांचे गुडघे काय म्हणाले ते वेगळ्या लेखात.

शेवटी तुम्ही भाचीच्या बाळासाठी अन्नपूर्णा भागात कुणी आहे का, असं विचारलंत (इतकं रागावूनही विचारलंत, बरं वाटलं). काकूंनी पुन्हा सुरू केलं नाही, त्या आता फराळाच्या ऑर्डरी घेतात. पण दोघींपैकी एक मावशी तिकडेच राहते आणि घरी चार मुलं सांभाळते. तिला विचारून तुम्हाला मेलवर कळवते. जाल तेव्हा महिनाभर बंद ठेवायची वेळ आली तर किती द्यायचे, हे पहिल्याच दिवशी बोलून घ्या. ती स्वतःहून मागणार नाही.