देवाचं राज्य आणायचंय? मग एवढं कराच

दरवर्षी गणपतीत, रात्रीचं भजन आटोपून काळ्या वाटाण्याची उसळ आणि पाव पोटात गेले की आमच्या पडवीत एक ठराव पास होतो : या देशाचं आता काही खरं नाही, इथे धर्माचंच राज्य हवं. ठराव मांडणारा बहुतेक वेळा मुंबईत सरकारी नोकरीत असतो आणि त्याचं परतीचं कोकणकन्येचं तिकीट कन्फर्म असतं. तुमचंही मत तेच असेल तर मी आड येणार नाही. उलट, आणायचंच तर नीट आणा, म्हणून हा खटाटोप.

राज्यपद्धत शोधायला लांब जाऊ नका. गाऱ्हाणं ऐकलंय ना? एक जण पुढे उभा राहून ‘बा देवा म्हाराजा’ अशी सुरुवात करतो आणि बाकीचे त्याच्या प्रत्येक वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. विरोधी पक्ष नाही, सभात्याग नाही, लक्षवेधी सूचना नाही. मी लहानपणापासून ऐकतोय, ‘नाय म्हाराजा’ म्हटलेलं एकदाही ऐकलं नाही. फक्त एक खबरदारी घ्या : गाऱ्हाणं घालणारे तुम्ही असा. ‘व्हय’ म्हणणाऱ्यांत उभं राहून धर्मराज्याची गोडी कळत नाही.

कायदे करायला कौल आहेच. पाषाणाला कळ्या लावायच्या, उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. निर्णय देवाचा, प्रश्न काय विचारायचा, तेवढा मानकऱ्यांचा. इराणने १९७९ नंतर यात मोठी प्रगती केली. तिथे निवडणूक होते, मतं मोजतात, सगळं रीतसर. मात्र उमेदवार कोण, हे बारा जणांची एक परिषद आधी गाळून घेते आणि त्या बारांतले सहा धर्मशास्त्री खुद्द सर्वोच्च नेता नेमतो. कौल जनतेचा, कळ्या त्यांच्या. आपल्या गुरवाला हे कधी सुचलं नाही, बिचारा साधा माणूस.

आता पुरावे गोळा करा. आपल्या किनाऱ्यावर ते भरपूर आहेत आणि खोटे नाहीत, हीच माझ्यासारख्याची पंचाईत. देवराई बघा. वनखात्याचा बोर्ड नाही, कुंपण नाही, गार्ड नाही. ‘काठी मोडलंस तर देव बघून घेईल’ एवढ्या एका वाक्यावर शेकडो वर्षं झाडं उभी. आचऱ्याची गावपळण बघा. देवाचा हुकूम झाला की अख्खा गाव, कोंबड्या-गुरांसकट, तीन दिवस वेशीबाहेर झोपड्या बांधून राहतो. कलेक्टरने असा हुकूम काढला तर आधी स्टे येईल. समुद्राचंही तेच. सरकारची मासेमारीबंदी १ जून ते ३१ जुलै, एकसष्ट दिवस. देवाची नारळी पौर्णिमेपर्यंत, म्हणजे बहुधा त्याहून लांब. एवढं सांगून पुढच्या विषयाकडे वळा. १ ऑगस्टला ट्रॉलर सुटतात आणि सोन्याचा नारळ मागाहून जातो, हे कुणाच्या लक्षात येता कामा नये. आणि आमच्या देवराईतली किंजळाची सात झाडं नव्या सभामंडपासाठी पडली, तेही सांगू नका. देवाला न विचारता तोडली असं मात्र कुणी म्हणू नये. कळी उजवी पडली होती.

गोव्याचा विषय निघाला तर फेणीवर न्या. नाहीतर कुणी शहाणा सांगेल की धर्माचं राज्य या किनाऱ्याने बघितलेलं आहे. पोर्तुगीजांनी १५६० मध्ये इन्क्विझिशन, म्हणजे पाखंड्यांना शिक्षा करणारं धर्मन्यायालय, आणलं, ते मधली काही वर्षं सोडली तर १८१२ पर्यंत चाललं. त्या धामधुमीत कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला गेला आणि केळशीची शांतादुर्गा कवळ्याला. नदीपलीकडचा तो मुलूख तेव्हा कुणाचा होता? आदिलशहाचा. थोडक्यात, धर्मराज्य आलं तेव्हा पहिल्यांदा बिऱ्हाड हलवलं ते देवांनीच, आणि आसरा मिळाला तो तिसऱ्याच धर्माच्या सुलतानाच्या हद्दीत. ‘अहो, पण ते त्यांच्या धर्माचं राज्य होतं, आपलं तसं नसेल,’ हे उत्तर तयार ठेवा. प्रत्येक धर्माकडे ते असतं.

महाडलाही थांबू नका. पाहुण्यांना थेट रायगडावर न्या. चवदार तळ्याशी गाडी थांबली तर प्रश्न येणार. मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ साली आमदार सी. के. बोल्यांचा ठराव झाला की सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले. महाड नगरपालिकेने १९२४ साली तळं खुलं केलं. मग २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि त्यांची माणसं ओंजळभर पाणी प्यायली तेव्हा काठ्या का निघाल्या? गुरं रोज पीत होती, त्याने काही बिघडत नव्हतं. माणसं प्यायली आणि तळं बाटलं. मग शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या १०८ घागरी त्यात ओतल्या. पाण्यात शेण पडल्यावर पाणी शुद्ध झालं. या मुद्द्यापाशी शाळेतल्या सायन्सच्या मास्तरांना बोलावू नका. नगरपालिकेने त्याच वर्षी आपला ठराव मागे घेतला, तेव्हा मतपेटीवाल्यांनीही फार छाती काढू नये. तळ्यावर पूर्वापार आमचाच हक्क, असा दावा सवर्णांनी कोर्टात लावला. तो मार्च १९३७ मध्ये मुंबई हायकोर्टात निकाली निघाला : पूर्वापार रूढी सिद्ध झाली नाही. साक्षीपुरावे बरेच झाले. देव काही साक्षीला आला नाही.

राज्य आलं की शिक्षा लागतेच, आणि तिथेही आपल्याला तुरुंग बांधायची गरज नाही. वाळीत टाका. माझ्या लांबच्या एका काकांना गावकीने टाकलं होतं; कारण काय, तर देवळाच्या जमाखर्चाची वही मागितली. दुकानदार मीठ देईना, विहिरीवर बायका बोलेनात. काकी गेली तेव्हा तिरडीचा बांबूसुद्धा तालुक्याहून टेम्पोत आला आणि चौथा खांदा टेम्पोच्या ड्रायव्हरने दिला. तो कुठल्या धर्माचा होता ते विचारायचं राहून गेलं. अशी प्रकरणं, विशेषतः रायगड जिल्ह्यातली, इतकी गाजली की सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राला २०१६ चा कायदा करावा लागला. तो २०१७ च्या जुलैत लागू झाला. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड. धर्मराज्यात हे कलम तेवढं आधी रद्द करा.

समोरचा फारच निधर्मी निघाला तर त्याला अल्बानिया ऐकवा. १९६७ साली तिथल्या सरकारने देवालाच वाळीत टाकलं, मशिदी आणि चर्च सगळ्यांना टाळं. तिथेही ‘व्हय म्हाराजा’च चालायचं, फक्त गाऱ्हाणं पक्षाचं.

एवढी तयारी झाली की शेवटचा प्रश्न उरतो, कुणाच्या धर्माचं राज्य? हा काढूच नका. आमच्या गावात एकच धर्म, एकच देव, एकच पालखी, आणि दोन वाड्या. शिमग्याला पालखी आधी कुणाच्या सहाणेवर, म्हणजे पालखी ठेवायच्या चौथऱ्यावर, बसायची, यावरून डोकी फुटली, जमावबंदी लागली, देव दोन वर्षं कुलपात. कौल लावून का नाही विचारलं? विचारलं होतं. वरच्या वाडीने लावला तेव्हा वरच्या वाडीसारखा पडला, खालच्यांनी लावला तेव्हा खालच्यांसारखा.

शेवटी दोन्हीकडचे मानकरी, पडवीतले ठराववाले धरून, प्रांत ऑफिसच्या बाकांवर टोप्या मांडीवर घेऊन बसले. प्रांत बाई निघाली. सहाणेची पायरी बायकांनी चढायची नाही, आणि सहाणेचा निकाल बाईच्या हाती. आडनावावरून तिची जात काढायचा प्रयत्न दोन्ही वाड्यांनी केला, जमला नाही. तिने फाईल वाचली, पंखा वाढवायला सांगितलं आणि म्हणाली : यंदा आधी वर, पुढच्या वर्षी आधी खाली, सोबत चार पोलीस, ढोल रात्री दहाला बंद. सह्या करा.

सगळे गप्प. मागच्या बाकावरचा म्हातारा मानकरी तेवढा सवयीने पुटपुटला, “व्हय म्हाराजा.”