टचस्क्रीन लॉकवाला तो फॉरवर्ड परत आलाय

सोसायटीच्या ग्रुपवर परत तेच. "दाराला टचस्क्रीन लॉक लावू नका, लाईट गेली की घरात कोंडले जाल, चोर सेलोटेपने बोटाचा ठसा उचलतात, काचेवरच्या डागांवरून पिन कळतो, हॅकर मोबाईलवरून दार उघडतात, आपलं साधं कुलूपच बरं." खाली हात जोडलेले आठ-दहा जण. माझ्या ठाण्यातल्या घराला असलं लॉक लावून तीन वर्षं झाली, तेव्हा बोलतोच.

लाईटचं आधी. अहो ते लॉक घरच्या लाईटवर चालतच नाही, आत बहुतेक वेळा चार पेन्सिल सेल असतात, अख्खी बिल्डिंग रात्रभर अंधारात राहिली तरी त्याला पत्ता नसतो. आणि कोंडले कसे जाल? बहुतेक मॉडेलमध्ये आतलं हँडल साधं मेकॅनिकल असतं, दाबलं की उघडलं. घेताना दुकानदाराला सेल काढायला लावा आणि आतलं हँडल दाबून बघा, एका मिनिटाचं काम.

सेल संपतात हे मात्र खरं, आणि त्यात माझीच फजिती झालीये. लॉक आठवडाभर टीं टीं करत होतं, मी आपला "रविवारी बघू". शुक्रवारी संध्याकाळी भाजीची पिशवी घेऊन वर आलो तर स्क्रीन ठार मेलेली. चावी? ती कपाटात, म्हणजे घराच्या आत. मग खाली जाऊन जनरल स्टोअरमधून ती 9 व्होल्टची चौकोनी बॅटरी आणली, लॉकच्या बुडाशी दोन बारक्या टिकल्या असतात त्यांना टेकवली, स्क्रीन उजळली, मी खूश होऊन बॅटरी काढली आणि परत अंधार! पिन दाबून दार उघडेपर्यंत ती एका हाताने धरून ठेवायची असते, हे तेव्हा कळलं. हल्लीच्या बऱ्याच लॉकना त्या बॅटरीऐवजी पॉवर बँकही जोडता येते. सेल अल्कलाइनच घाला, रिमोटमधले स्वस्तातले गळतात, आणि रिचार्जेबल 1.5 ऐवजी 1.2 व्होल्टचे असल्याने सेल उतरल्याची सूचना भलत्याच वेळी येते.

सेलोटेपची गोष्ट अगदीच हवेतली नाही, 2002 मध्ये जपानमधल्या योकोहामाच्या संशोधकांनी जिलेटिनची बोटं करून 11 प्रकारच्या मशीनना फसवलं होतं. पण तो साचे पाडून केलेला लॅबमधला उद्योग होता. आता बऱ्याच लॉकमध्ये सेमीकंडक्टर सेन्सर असतो, तो ऑप्टिकलसारखा बोटाचा नुसता फोटो काढत नाही, कातडीचा विद्युत परिणाम मोजतो, त्याला कोरडी चिकटपट्टी म्हणजे काहीच नाही. घेताना ऑप्टिकल आहे की सेमीकंडक्टर एवढं विचारा. खरी कटकट उलटीच आहे, आपलाच अंगठा लागत नाही. आईचा रेशनच्या मशीनवर लागत नाही तसा दारावरही लागत नाही, भांडी घासून रेषाच झिजल्यात. तिला लॉकला टेकवायचं कार्ड दिलंय.

डागांच्या मुद्द्यात मात्र दम आहे, मान्य. फोनच्या स्क्रीनवरच्या डागांवरून पॅटर्न ओळखता येतो हे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या लोकांनी 2010 मध्येच दाखवलं होतं. चार वेगवेगळे आकडे डागाळलेले दिसले तर क्रम 24च होतात, सहा असतील तर 720. पण चार-पाचदा चुकलं की लॉक काही मिनिटं बंद पडतं, शिवाय बऱ्याच लॉकमध्ये पिनच्या मागेपुढे वाट्टेल ते आकडे दाबायची सोय असते, ती वापरा. आणि कंपनीने दिलेला 123456 आधी बदला हो! आमच्याच विंगमध्ये एकाचा तीन महिने तोच होता.

हॅकरची भीती वाटत असेल तर वायफाय-ब्लूटूथ नसलेलं घ्या, स्वस्तही पडतं. तसं पेपरात रोज काय वाचतो आपण, "घराचा कडी-कोयंडा तोडून". चोर कटावणी घेऊन येतो, लॅपटॉप नाही. चौकटच तकलादू असेल तर कुठलंही लॉक लावा, उपयोग नाही.

आणि साधं कुलूप बरं म्हणणाऱ्यांनी सांगावं, दुधाची पिशवी घ्यायला बाहेर आले, वाऱ्याने दार आपटलं, लॅच लागला आणि चावी आत, हे किती वेळा झालंय? कामवाल्या मावशींना दिलेल्या चावीची दुसरी निघाली का हे कधीच कळत नाही, त्यांचा पिन मात्र काम सुटलं त्याच दिवशी काढता येतो.

ज्याने खरंच डोकं फिरतं ते फॉरवर्डमध्ये नाहीच. पावसात ओल्या बोटाला स्क्रीन दाद देत नाही, आधी शर्टाला हात पुसायचा. आणि लाकडी दार आणि बाहेरचं जाळीचं सेफ्टी डोअर यांच्यातली जागा मोजल्याशिवाय ऑर्डर देऊ नका. आमचं हँडल जाळीला आपटत होतं, शेवटी सुताराने बाहेरच्या दाराची पट्टी कापून दोन इंच खाली बसवली, त्याचे पैसे वेगळे गेले.