खुलासा: क्रॅश डंपमध्ये सगळ्यात वर दिसणारं फंक्शन दोषी असेलच असं नाही

‘कर्नल क्रॅश डंपमध्ये स्टॅकच्या टोकाला जे फंक्शन दिसतं, बग तिथेच असतो, तिथे एक नल-तपासणी टाका, काम झालं’ असा मेसेज सध्या फिरतोय. (क्रॅश डंप म्हणजे कर्नल, अर्थात ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, कोसळला त्या क्षणाच्या मेमरीची नोंद; स्टॅक म्हणजे कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावलं त्याची यादी; नल-तपासणी म्हणजे पॉइंटर, म्हणजे मेमरीचा पत्ता, रिकामा तर नाही ना हे बघणं.) त्याचं मूळ माझ्याच जुन्या पोस्टमध्ये आहे. ते विधान चुकीचं आहे आणि ती चूक माझी.

साध्या नल पॉइंटरच्या बाबतीत ते बऱ्याचदा जुळतं. रेस कंडिशनमध्ये, म्हणजे दोन कामं एकाच डेटावर एकाच वेळी आदळतात तेव्हा, नाही. समजा, एका सीपीयूने लॉक (एका वेळी एकालाच डेटा हाताळू देणारं कुलूप) न घेता ऑब्जेक्ट फ्री केलं, म्हणजे त्याची मेमरी सोडून दिली, आणि दुसरा सीपीयू अजून तेच वाचतोय. कोसळतो तो वाचणारा, डंपमध्ये टोकाला दिसतो तोही त्याचाच स्टॅक. फ्री करणारा तोवर काम आटोपून कधीच पुढे गेलेला असतो. लिनक्समध्ये स्लबचं (कर्नलला मेमरी वाटून देणाऱ्या भागाचं) पॉइझनिंग चालू असेल तर डंपमधल्या रजिस्टरमध्ये (सीपीयूच्या आतल्या छोट्या साठ्यात) ‘६बी६बी६बी६बी’ दिसतं. फ्री केलेल्या मेमरीत भरलेला हा नमुना. तो दिसला की आधी विचारायचं, ही मेमरी सोडली कोणी? नल-तपासणी इथे काहीच अडवत नाही, कारण पॉइंटर नल नसतोच.

आणि हो, लॉक ‘घेतलेला’ दिसला म्हणून लगेच डेडलॉक (एकमेकांच्या लॉकची वाट बघत सगळे अडकणं) ठरवू नका. पॅनिक होताच, म्हणजे कर्नलने हात टेकताच, बाकीचे सीपीयू जिथल्या तिथे थांबवले जातात, त्या क्षणी घेतलेले लॉक तसेच राहतात.

मेमरी कुठून फ्री झाली ते केसॅनच्या (KASAN, कर्नलमधल्या मेमरीच्या चुका पकडणारं साधन) रिपोर्टमध्ये कळतं. लॉकशिवायचे परस्परविरोधी ॲक्सेस पकडायला लिनक्स ५.८ पासून केसीसॅन (KCSAN) हे साधन आहे.

जुनी पोस्ट मी दुरुस्त केली आहे. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. आधीच पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासाही टाका.